सहा आकडे

माझ्या भाच्यानं, झुराबनं, भाड्यानं घेऊन दिलाय
कुताइसीचा एक नंबर. महिन्याला चार युरो.
त्याला ना तार, ना खांब, ना घर.
कुठल्याशा यंत्रात लिहून ठेवलेली एक ओळ फक्त:
हा वाजला की माक्वालाला शोधा,
असेल तिथं.

मी असते बारीत, चौथ्या मजल्यावर,
फिलोमेनाबाईंच्या गोळ्या, त्यांचं सूप, त्यांचे सुजलेले पाय.
राउटर फ्रिजवर, संत निकोलसच्या तसबिरीला टेकवलेला.
दोघांना मिळून एकच हिरवा दिवा.

देदाला तीनदा सांगितलं, इटली. तीनदा विसरली.
तिला सहा आकडे पाठ आहेत, तेवढे पुरतात.
गावातल्या गावात फोन, बिलही गावातलंच.
तिचा आवाज तांब्याच्या तारेवरून
एक्स्चेंजपर्यंत तिच्याच चालीनं जातो.
पुढं त्याचे तुकडे होतात, सेकंदाला पन्नास,
प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक,
आणि मग ज्याला जी वाट सापडेल ती.
कुणी समुद्राखालून, कुणी डोंगरांना वळसा घालून,
फ्रँकफुर्टला सगळ्यांची हजेरी.
उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत.

मग त्याच्या जागी काय, मी विचारलं.
मागच्या तुकड्यावरून अंदाजानं भरतात, मावशी.
हे मला ठाऊकच होतं.
देदा अर्ध्यावर सोडते ती वाक्यं
मी तशीच तर भरते.

"नंबर तर इथलाच आहे. पांढऱ्या पुलापलीकडेच राहतेस ना?
मग एकदा यायला काय होतं गं तुला?"
फिलोमेनाबाईंच्या टाचेला मलम लावत मी म्हणते,
येते देदा, उद्या येते.
उद्याला आता नऊ वर्षं झाली.

मग दोघी गप्प. कानात हलकी सरसर.
झुराबनं तेही सांगून टाकलं, न विचारता:
कुणी बोलत नसलं की तुकडे पाठवतच नाहीत,
ती सरसर तुझाच फोन तयार करतो,
लाइन तुटली असं वाटून माणूस घाबरू नये म्हणून.
इतकी वर्षं मी तिला
देदाचा श्वास समजत होते.
त्या रात्री झोप लागली नाही असं नाही.
लागली. दमले होते.

ऑगस्टमध्ये कागद मिळाले, गेले.
देदानं दार उघडलं, मला पायांपासून वर पाहत आली,
चेहऱ्यापाशी थांबली.
"कोण हवंय आपल्याला?"
शेजारची त्सित्सिनो धावली, म्हणाली, कामाला बाई आलीये.
असं होय, म्हणाली देदा. चपला बाहेर काढा.

मी अक्रोड कुटले, घेवड्याचं लोबिओ शिजत ठेवलं,
तिचे पाय धुतले. पाय धुता येतात मला.
सात वाजता ती आतल्या खोलीत फोनपाशी जाऊन बसली.
सहा वेळा बटणं वाजली.
माझ्या एप्रनच्या खिशात फ्रँकफुर्ट थरथरलं.

भिंतीतून आधी आलं: श्विलो, बाळा.
मग घास गिळण्याइतक्या वेळानं,
अर्धा युरोप फिरून, माझ्या तळहातातून:
श्विलो, बाळा.

"ऐक, घरी एक बाई आलीये. मीठ जास्त घालते,
पण हाताची मऊ आहे.
तूही ये आज. तिघी जेवू."

येते, म्हटलं.
भिंतीपलीकडे ते नक्की ऐकू गेलं असणार.
खुर्ची वाजली नाही.

मग ती गप्प झाली, आणि कानात सुरू झाली ती सरसर.
मी फोन ओट्यावर ठेवला, कणकेच्या बाजूला,
तसाच चालू,
आणि भिंतीला कान लावला.